कण्या

हिचा उजवा हात प्लॅस्टरात.
सीपीआरमधनं घरी आलो
त्या दिवसापासनं शेगडी माझ्याकडं.

ही स्टुलावर बसते, ओट्याला टेकून,
आणि डाव्या हाताच्या एका बोटानं मला चालवते.
"शाळू भरडून आणा. पीठ करून आणशीला."
गंगावेशीतल्या गिरणीत तेच सांगितलं
तर गिरणीवाला म्हणाला, "वैनी कुठं हायत?"
जसं काही कण्या मागायचा
मला परवानाच नव्हता.

पीठ चाळणीखाली गेलं, कण्या वर राहिल्या.
पाखडायला सुपात घेतल्या तर निम्म्या फरशीवर.
बत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
केसाएवढा फरक बोटाला कळायचा,
आणि सूप धरलं की मनगटाचं लाकूड.
ती हसली.
पडल्यापासनं पहिल्यांदा.

मटणाचं अळणी सकाळीच निघालं होतं:
हळद, मीठ, आलं-लसूण, चार नळ्या.
ते पातेल्यात खदखदायला लागलं
तसं बोट खाली आलं.
"सोडा आता. एका हातानं सोडा, दुसऱ्यानं हलवा.
थांबलासा की गाठी."
मी थांबलो नाही.
वाफेनं चष्मा गेला, मग नुसत्या आवाजावर चाललो:
आधी पाण्याचा खळखळाट,
मग जाड, दमलेला बुडबुडा,
चिखलात म्हैस बसल्यासारखा.
"हां," ती म्हणाली. "झाकण. वर पाण्याचं तांब्या."

मग मीच विषय काढला, बाटलीचा.

अनुजा दिंडोरीला वाइनच्या कारखान्यात आहे,
द्राक्षांतली साखर मोजते.
दिवाळीला तिनं एक लाल बाटली दिली,
चिठ्ठीत लिहिलं होतं, कशाबरोबर घ्यायची ते तुम्ही ठरवा.
आम्ही काही ठरवलं नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यामागं ठेवली.
पाहुणे आले की आणखी आत.
हिचे वडील पिऊन आले की
हिची आई भरल्या पातेल्यावर परात उपडी घालून
वर बसायची, लाथेनं सांडू नये म्हणून.
हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.
म्हणून मी कधी घरात आणली नाही,
आणि बाहेर घेतली तर खरं सांगायचो.
बहुतेक वेळा.

"काढा," ती म्हणाली.
एवढंच.

बूच काढायचं हत्यार घरात कुठलं?
दीड इंची स्क्रू आत पिळला, पकडीनं धरला,
बाटली गुडघ्यात.
टॉक्.
इथं मात्र माझं मनगट माझं होतं.

स्टीलच्या दोन पेल्यांत बोट बोट ओतली.
तिनं पेला नाकाशी नेला
आणि तसाच धरला, फार वेळ.
मी कण्या वाढत राहिलो, बघितलं नाही.
"त्यो वास न्हाई ह्यो," ती म्हणाली.
मग एक घोट, आणि तोंड वाकडं:
"ह्याच्यापरास कोकम बरं."

पण कण्यांत नळीचा रस उतरला होता,
वर तूप, कडेला कांदा-लसूण चटणी.
दुसऱ्या घासाला तिखटानं जीभ पेटली
आणि पाण्याऐवजी तिचा डावा हात
पेल्याकडं गेला. तिसऱ्यालाही गेला.
आंबट, तुरट, जांभळासारखं काहीतरी
तुपाची साय जिभेवरनं पुसून न्यायचं
आणि कणी परत नव्यानं लागायची.
हे मी तिला बोललो नाही.
बोललो असतो तर पेला ठेवला असता.

अनुजाला फोन लावला.
"कशाबरोबर घेतली?"
"कण्या," ही म्हणाली. "तुझ्या बानं केलेल्या.
गाठी हायत थोड्या."
पलीकडं पोरगी गप्प.
मग हिनंच विचारलं,
"साखर मोजतीस म्हणं. मग ही आंबट कशी?"

ते दोघींचं चालू राहिलं.
मी पातेलं पुढ्यात ओढलं,
बुडाला खरपूड धरली होती, तांबूस,
उलथन्यानं खरवडून
चांगला तुकडा तिच्या ताटात टाकला,
डाव्या बाजूला.